आजोबांचे सुळे आणि ०५०७चा कोड

प्रश्न शहापूरच्या, म्हणजे आपल्या बेळगावातल्या शहापूरच्या, एका गृहस्थांचा आहे. थोडक्यात असा. त्यांचे आजोबा १९६४ साली नैरोबीहून कायमचे परत आले, येताना हत्तीचे दोन सुळे घेऊन आले. एक अख्खा सुळा पॉलिश करून पितळी बैठकीवर दिवाणखान्यात उभा आहे. दुसरा पुढं दोन भावांच्या वाटणीत सुताराला बोलावून करवतीनं मधोमध कापला; त्यातला अर्धा इथं ट्रंकेत, अर्धा गडहिंग्लजच्या काकांकडे. शिवाय कपाटात आजीची हस्तिदंती फणी. बाबा जाऊन दोन महिने झाले. लंडनचा धाकटा भाऊ म्हणतो, अख्खा सुळा मला पाठवून दे. निपाणीच्या एका मित्राकडे आयात-निर्यातीचा परवाना आहे. त्यानं कस्टमच्या पुस्तकात ०५०७ १० हा कोड शोधून काढलाय आणि सांगितलंय, ‘कोड आहे, समोर शुल्काचा दर छापलाय, म्हणजे पैसे भरले की माल जातोय. उलट आफ्रिकेतनं कच्चा हस्तिदंत मागवूया की.’ हे खरं काय, असं विचारलंय.

मी तीसेक वर्षं कस्टम ब्रोकरचं काम करतोय. बहुतेक उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांची कास्टिंग्ज, हायड्रॉलिकचे सुटे भाग, असला तेलकट माल. हस्तिदंत माझ्या टेबलावर चार-पाच वेळाच आला, तोही दर वेळी असल्याच प्रश्नाच्या रूपात. तुमचा प्रश्न वाचून मी आधी मित्राच्या हिशेबाला हसलो आणि मग उठून भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. कॅलेंडर का, ते खाली येईल. आधी कोडाचं बघू, कारण विचारलंत ते तेच.

मित्रानं शोधलेला कोड बरोबर आहे. टॅरिफच्या, म्हणजे कस्टमच्या त्याच दरपुस्तकाच्या, पाचव्या प्रकरणात ०५०७ हे शीर्षक आहे: हस्तिदंत, कासवाची पाठ, शिंगं, सांबरशिंगं, खूर, नखं, चोची, हे सगळं न घडवलेलं किंवा नुसतं साफसूफ केलेलं, पण आकारात न कापलेलं. त्यातलं ०५०७ १० म्हणजे हस्तिदंत, त्याची भुकटी आणि कचरा. ०५०७ ९० म्हणजे बाकीचं. पहिले सहा आकडे जगभर तेच, पुढचे दोन आपल्या देशाचे. आता मित्राला एवढंच विचारा की अफूला कोड आहे का? आहे. १३०२ ११. म्हणून कोणी अफूचं कंटेनर बुक करत नाही. वेळापत्रकात गाडीचा नंबर छापलाय म्हणून ती गाडी आज लोंढ्याला थांबेलच असं नसतं, कोडाचंही तसंच. तो मालाला दिलेलं नाव आहे. जप्त केलेल्या मालाचीही नोंद करावी लागते, तीही याच नावाखाली होते. जायला-यायला मोकळीक आहे का, हे आयात-निर्यात धोरणात आणि दुसऱ्या कायद्यांत बघायचं असतं. दुसरी गफलत म्हणजे मित्रानं बघितलेला दर आयातीचा आहे. तुम्हाला सुळा बाहेर पाठवायचाय. निर्यातीचं शुल्क वेगळ्या अनुसूचीत असतं, आणि बंदी असेल तर दोन्ही दर कागदावरच राहतात.

तरी कोडाचं शास्त्र समजून घ्यायला मजेचं आहे, म्हणून थोडं थांबतो. ‘हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे’ असं आपण म्हणतो. कस्टमला हा फरक मान्य नाही. पाचव्या प्रकरणाच्या आरंभी एक टीप आहे: हत्ती, पाणघोडा, वॉलरस, नारव्हाल आणि रानडुक्कर यांचे सुळे, गेंड्याचं शिंग आणि यच्चयावत प्राण्यांचे दात, हे सगळं टॅरिफमध्ये सर्वत्र ‘हस्तिदंत’च समजायचं. म्हणजे हत्तीची दाढही हस्तिदंत, सुळाही हस्तिदंत, आणि खानापूर भागात जुन्या लोकांच्या गळ्यात चांदीत मढवलेला रानडुकराचा सुळा दिसतो तोही कागदावर हस्तिदंतच. गेंड्याचं शिंग तर दातही नाही, हाडही नाही, नखांसारख्या केराटिनचं बनलेलं. तरी तेही इथंच. वाघनख मात्र ‘नखं’ म्हणून ०५०७ ९० मध्ये जातं. ऑक्टोबर २०२३ मध्ये कन्नड बिग बॉसमधल्या एका स्पर्धकाला वाघनखाच्या लॉकेटवरून अटक झाली, तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी घरांत देव्हाऱ्याची आणि दागिन्यांच्या डब्यांची झडती घरच्यांनीच घेतली होती, आठवत असेल.

आता कच्चा आणि घडवलेला. इथं भले भले चुकतात. ०५०७ मध्ये राहायचं असेल तर मालावर मोजकीच कामं झालेली चालतात: खरवडणं, साफ करणं, नको तो भाग काढणं, चिरणं, ओबडधोबड रंधा मारणं, आकार न देता कापणं. त्यापुढं गेलं की माल ९६०१ मध्ये उडी मारतो, ‘घडवलेला हस्तिदंत आणि त्याच्या वस्तू’. चौकोनी ठोकळा कापला, कांडी केली, नळी केली, तरी ९६०१. या मापानं तुमचा ट्रंकेतला अर्धा तुकडा ०५०७ १० मध्ये बसतो. सुतारानं तो वाटणीसाठी कापला, आकारासाठी नाही. फणी मात्र ९६१५ मध्ये, फण्यांच्या वेगळ्या शीर्षकात. आणि दिवाणखान्यातला अख्खा सुळा? पॉलिश हे नुसत्या साफसफाईच्या पुढचं काम. म्हणून मी तो ९६०१ मध्ये टाकीन. उद्या कोणी अधिकारी वाद घालेल, घालू दे.

पण हा वाद जिंकून काही हाती लागत नाही. वन्य प्राण्यांच्या व्यापारावर जो आंतरराष्ट्रीय करार आहे, साइटिस, त्याची कच्च्या हस्तिदंताची व्याख्या निराळी आहे. तिथं अख्खा सुळा पॉलिश केलेला असो वा नसो, कच्चाच. फक्त सगळ्या पृष्ठभागावर कोरीवकाम असेल तरच तो घडवलेला. अर्ध्या सुळ्यावर दशावतार कोरले आणि अर्धा तसाच ठेवला, तरी साइटिसच्या लेखी तो कच्चा राहतो. म्हणजे तुमचा दिवाणखान्यातला सुळा एकाच दिवशी, एकाच टेबलावर, कस्टमच्या कागदात घडवलेला आणि साइटिसच्या कागदात कच्चा. दोन्ही बरोबर. साइटिसचा एक दंडक आणखी आहे: अख्खे सुळे, आणि किमान २० सेंटिमीटर लांबीचा व किमान एक किलो वजनाचा कापीव तुकडा यांच्यावर कायमची खूण करायची. देशाची दोन अक्षरं, वर्ष, अनुक्रमांक आणि वजन. १९६४च्या सुळ्यावर असलं काही नसणार, तेव्हा हा करारच नव्हता. करार १९७३ मध्ये वॉशिंग्टनला झाला, १९७५ मध्ये अमलात आला, भारत १९७६ मध्ये सामील झाला.

एक अनुभव सांगतो. कॅम्प भागातल्या एका संगीतवेड्या गृहस्थांना इंग्लंडहून जुना पियानो मागवायचा होता. ‘वाद्य आहे, ९२०१, सरळ कोड, तुम्ही फक्त बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टम अर्ज, भरा’ असं स्वतःच सांगत आले. मी म्हटलं, पट्ट्यांचा जवळून फोटो मागवा. फोटोत प्रत्येक पांढऱ्या पट्टीवर, पुढचा रुंद भाग आणि मागचा अरुंद भाग यांच्यामध्ये केसाएवढी सांध्याची रेघ दिसत होती. जुन्या हस्तिदंती पट्ट्या बहुधा अशाच दोन तुकड्यांत बसवत. प्लास्टिकची पट्टी एकसंध असते. कोड पियानोचाच राहिला असता, पण पियानोवर शंभरेक हस्तिदंती चकत्या चिकटलेल्या, आणि कायदा त्या चकत्यांना बघतो. साहेब दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. मग त्यांनी प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पियानो घेतला. मिरजेहून आलेल्या जुन्या तंबोऱ्यावर हस्तिदंताची नक्षी असेल आणि तो घेऊन कोणी परदेशी मैफलीला निघालं असेल, तर त्यांनाही हेच लागू.

आता मुख्य भिंत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आपला हत्ती १९७७ मध्ये पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत गेला. १९८६च्या दुरुस्तीनं भारतीय हस्तिदंताचा देशांतर्गत व्यापार बंद झाला. तोवर व्यापारी म्हणायचे, ‘हा आमचा नाही, आफ्रिकन आहे.’ त्याचा बंदोबस्त १९९१च्या दुरुस्तीनं झाला: आयात केलेला हस्तिदंत आणि त्याच्या वस्तू यांचाही धंदा बंद. दुरुस्ती २ ऑक्टोबर १९९१ला अमलात आली, साठा संपवायला सहा महिने दिले, पुढं शटर खाली. व्यापारी न्यायालयात गेले. दिल्ली उच्च न्यायालयात १९९७ मध्ये हरले आणि सर्वोच्च न्यायालयात २००३ मध्ये. त्याच २००३ मध्ये बलराम कुमावत प्रकरणात एक गमतीदार मुद्दा आला: मॅमथचा दात चालेल का? मॅमथ हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेला, साइटिसच्या यादीत नाही, सायबेरियाच्या बर्फातून उकरून काढलेला दात. न्यायालयानं सांगितलं, कायद्यात ‘भारतात आयात केलेला हस्तिदंत’ असे शब्द आहेत, त्यात सगळा हस्तिदंत येतो, मॅमथचाही. साध्या डोळ्याला दोन्हींत फरक कळत नाही, आणि मॅमथच्या नावाखाली हत्तीचा दात विकला जाईल, ही भीती त्यामागं होती. आडव्या छेदात ज्या जाळीदार रेघा दिसतात त्यांच्या कोनावरून जाणकार फरक सांगतात, मॅमथमध्ये कोन अरुंद, हत्तीत रुंद. तेही बाहेरच्या कडेजवळच्या रेघा बघूनच. तुम्ही घरी तापलेली सुई टोचून परीक्षा करायच्या भानगडीत पडू नका. असले नमुने डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेत किंवा हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत जातात.

त्यामुळं मित्राचा आफ्रिकेतून आयात करायचा बेत इथंच संपतो. तिकडूनही दार बंद आहे: आफ्रिकन हत्ती ऑक्टोबर १९८९ मध्ये साइटिसच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे व्यापारबंदीच्या यादीत, टाकायचं ठरलं, जानेवारी १९९० पासून ते लागू झालं. पुढं बोट्सवाना, नामिबिया, झिम्बाब्वे आणि दक्षिण आफ्रिका यांच्या हत्तींना दुसऱ्या परिशिष्टात आणलं आणि सरकारी साठ्याची दोनदा विक्री झाली, १९९९ मध्ये जपानला, २००८ मध्ये जपान आणि चीनला. भारत त्यात नव्हता. चीननंही २०१७च्या अखेरीस आपला देशांतर्गत बाजार बंद केला. ज्या काळात झांजिबारचा हस्तिदंत गलबतांतून मुंबईला उतरायचा आणि तिथून निम्म्या जगात जायचा, तो काळ मित्राच्या डोक्यात आहे. म्हैसूरच्या शिसवी जडावकामात हस्तिदंत भरायचे, सागर-सोरबचे गुडिगार चंदनाबरोबर हस्तिदंतही कोरायचे. आज तेच हात दुसऱ्या साहित्यावर चालतात.

हस्तिदंताचा व्यापार केल्याचं सिद्ध झालं तर किमान तीन वर्षं कैद, सातपर्यंत जाते, आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५,००० रुपये. शिवाय कस्टम कायद्याचं वेगळं: निषिद्ध माल म्हणून जप्ती, दंड, खटला. हे मित्राला शांतपणे वाचून दाखवा. धंदाच करायचा असेल तर त्याच ०५०७ मध्ये पाळीव म्हशीची शिंगं आहेत. पण तिथंही प्राणी कोणता हे कागदात स्वच्छ लिहावं लागतं, आणि सांबर-चितळाची गळून पडलेली शिंगंसुद्धा निर्यातीला बंद आहेत. ‘जंगलात आपोआप पडलेलं उचललं’ हे उत्तर ऐकून घेतलं जात नाही. वनस्पती-हस्तिदंत म्हणून दक्षिण अमेरिकेतल्या एका ताडाची कडक बी मिळते, बटणं आणि दागिने करायला. ती कच्ची १४०४ मध्ये, घडवलेली ९६०२ मध्ये. तिच्यामागं फॉरेस्टवाले लागत नाहीत.

लंडनचं बघू. निर्यात धोरणात वन्य प्राणी आणि त्यांच्यापासूनच्या वस्तू निषिद्ध आहेत. मात्र त्या ओळीतून मालकी प्रमाणपत्र (वन्यजीव कायद्याखाली मिळणारं, त्याचं खाली येईल) मिळालेल्या वस्तू वगळल्याचे शब्द आहेत, आणि त्यावर बोट ठेवून एखादा हुशार माणूस तुम्हाला सांगेल, ‘बघा, वाट आहे की.’ त्या वाटेवर पुढं काय काय आहे ते ऐका. आधी प्रमाणपत्र हवं. मग सुळा साइटिसच्या आधीचा आहे हे सिद्ध करायचं. आफ्रिकन हत्तीसाठी ती तारीख २६ फेब्रुवारी १९७६ धरतात, म्हणजे १९६४ चालेल, पण ‘आजोबा सांगायचे’ हा पुरावा चालत नाही. बोटीचा कागद, सामानाची कस्टम पावती, काहीतरी हवं. मग केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयातल्या साइटिस अधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र. मग शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम अर्ज, भरताना तो कोड टाकला की फाइल वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाच्या ना-हरकतीत अडकते. मग ब्रिटनची बाजू. त्यांचा २०१८चा हस्तिदंत कायदा जून २०२२ पासून लागू आहे. बाळगायला तो आड येत नाही, पण मोजके अपवाद सोडले तर खरेदी-विक्रीला येतो. कच्चा अख्खा सुळा आत घ्यायला ते किती उत्साहानं परवानगी देतील याचा अंदाज तुम्हीच करा. माझ्या सगळ्या कारकिर्दीत एका कुटुंबाचा अख्खा सुळा अशा वाटेनं गेलेला मी बघितला नाही, आणि हे काम मी हातात घेणार नाही.

‘मग फणी तरी कुरिअरनं?’ असं विचाराल. कुरिअरही निर्यातच. ‘सामानातनं नेतो, मोपाला कोण बघतंय?’ असं भाऊ म्हणेल. गोव्याच्या दोन्ही विमानतळांवर, मोपाला आणि दाबोळीला, एक्स-रे यंत्र आहे आणि हस्तिदंत पडद्यावर दाट, वळणदार दिसतो. लंडनला उतरल्यावर हिरव्या, म्हणजे ‘जाहीर करण्यासारखं काही नाही’च्या, वाटेनं बाहेर पडायचं धाडस निराळंच. फणी, मणी, एक इंचाचा गणपती, सगळ्याला कायदा तोच.

आता कॅलेंडर. तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: बाबा जाऊन दोन महिने झाले.

वन्यजीव कायद्याच्या ४०व्या कलमात २००३ पासून अशी तरतूद आहे की असली वस्तू, मालकी प्रमाणपत्र असल्याशिवाय, कोणी मिळवू किंवा ठेवू शकत नाही. वारसा हा एकच अपवाद. विकत नाही, आहेरात नाही, वास्तुशांतीची भेट म्हणून नाही. आणि वारशानं आली तर वारसानं ९० दिवसांच्या आत राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसं घोषित करायचं. त्यावर चौकशी होते, माणसं घरी येऊन माप घेतात, खूण करतात आणि तुमच्या नावानं प्रमाणपत्र देतात. पण हे सरळ तेव्हाच जातं, जेव्हा बाबांच्या किंवा आजोबांच्या नावानं आधीचं प्रमाणपत्र असेल.

म्हणून पहिलं काम म्हणजे कपाट उपसा. तीन प्रकारचे कागद सापडू शकतात. एक, ४२व्या कलमाखालचं खरंखुरं मालकी प्रमाणपत्र. त्यावर वस्तूचं वर्णन, संख्या, बहुधा लांबी किंवा वजन असतं. दोन, २००३ मध्ये १८ एप्रिलपासून १८० दिवसांची सरकारी मुदत होती, ज्यांनी आधी काही सांगितलं नव्हतं त्यांनी निर्भयपणे घोषित करावं म्हणून. त्या वेळच्या अर्जाची पोच. पोच म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. पुष्कळ घरांत लोक ती पोच फ्रेम करून बसलेत. पण पोच असेल तर त्या अर्जाचं पुढं काय झालं हे विचारायचा तुमचा हक्क शाबूत आहे. तीन, नुसती १९६४ची बोटीची पावती किंवा सामानाची यादी. तिनं मालकी प्रमाणपत्राची उणीव भरत नाही, पण सुळा कुठून, कधी आला हे सांगणारा तो एकमेव साक्षीदार असेल. जपून ठेवा, मूळ कागद कोणाला देऊ नका.

प्रमाणपत्र असेल आणि त्यात ‘दोन सुळे’ लिहिलं असेल, तर कापण्याचा प्रश्न येतो. घरात आज एक सुळा आणि एक अर्धा. कापाकापी प्रमाणपत्राच्या आधीची की नंतरची, हे अर्जात सरळ लिहा. खूण केलेला सुळा असेल आणि ती खूण सुताराच्या करवतीखाली गेली असेल, तर ते वेगळं दुखणं; खूण पुसणं हाच गुन्हा आहे. काकांचा अर्धा तुकडा तर राज्यच बदलून बसलाय. संकेश्वर ओलांडून गडहिंग्लज म्हणजे आपल्याला मामाचं गाव, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. पण कायद्याच्या ४३व्या कलमात प्रमाणपत्र असलेली वस्तू एका राज्यातून दुसऱ्यात नेली तर ३० दिवसांत तिथल्या वनाधिकाऱ्यांना कळवायचं आहे. तुमचे मुख्य वन्यजीव रक्षक बेंगळुरूला मल्लेश्वरमच्या अरण्य भवनात, काकांचे नागपूरला. सीमाभागातल्या माणसाला दोन सरकारांची सवय असते म्हणा. तरीही काकांचा तुकडा आत्ता परत इकडं आणून ‘सेट पूर्ण’ करायचा मोह आवरा. वाटेतल्या एखाद्या नाक्यावर डिकीत अर्धा सुळा सापडला तर तुमची सदिच्छा त्यावर लिहिलेली नसते. आणि ज्याच्याकडे सापडतो त्यानं तो कायदेशीर असल्याचं दाखवायचं, अशी गृहीतकाची दिशा या कायद्यात आहे.

प्रमाणपत्र नसेलच, तर गोष्ट अवघड आहे, ती गोड करून सांगण्यात अर्थ नाही. २०२३च्या त्या वाघनख प्रकरणानंतर कर्नाटक सरकारनं २०२४च्या सुरुवातीला अघोषित वस्तू जमा करायला ९० दिवसांची मुदत काढली होती, तीही गेली. अशा वेळी फौजदारी बाजू जाणणारा वकील आधी, वनखातं नंतर. पण नंतर म्हणजे त्याच आठवड्यात. स्वतःहून गेलेला माणूस आणि धाडीत सापडलेला माणूस यांच्यात न्यायालयही फरक करतं. सुळा जाळणं, पुरणं, मार्कंडेयच्या पाण्यात सोडणं, ओएलएक्सवर ‘अँटिक शो-पीस’ म्हणून टाकणं, आणि भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून ‘कोणाला पाहिजे?’ विचारणं, यातलं काहीच करू नका. शेवटच्या प्रकारानं माझ्या ओळखीतल्या एका घराला दीड वर्ष हेलपाटे घालायला लावले.

प्रमाणपत्र आहे पण घरात ठेवायची इच्छा नाही, असं असेल तर २०२२च्या दुरुस्तीनं ४२-अ कलम आणलंय, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे: सात कामाच्या दिवसांची नोटीस देऊन वस्तू मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जमा करायची. मोबदला मिळत नाही, वस्तू सरकारची होते, प्रमाणपत्र रद्द होतं. लंडनच्या भावाला हे सांगताना तो रागावेल. तोही वारस आहे, त्याचंही नाव अर्जात घाला, सही मागवा. दिवाणखान्यातला सुळा इथंच राहील आणि दर दोन वर्षांनी येऊन तो त्याच्या शेजारी बसून चहा पिईल.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाही तरी. दांडेलीकडचे हत्ती खानापूरमार्गे चंदगड, आजरा, दोडामार्गपर्यंत २००२ पासून जाऊ-येऊ लागलेत. उसात, नाचणीत येतात, कधी एखादा मरतो. तिथं सुळा किंवा त्याचा तुकडा कोणाच्या हाताला लागला तर तो सरकारचा. ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्यांना कळवायचं. ‘हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा’ ही म्हण त्या रात्री विसरायची. तुमच्या १९६४च्या सुळ्यात असला नवा तुकडा कोणी ‘ठेवा तुमच्याबरोबर’ म्हणून मिसळायला आणला, तर त्याला अंगणातूनच परत लावा.

उद्याचं काम मात्र ठरलेलं आहे. मृत्यू दाखल्यावरची तारीख घ्या आणि बोटं मोजून ९० दिवस कुठं भरतात ते काढा. साठेक गेलेत, उरलेल्यात सुट्ट्या आहेत. वस्तूंचं वर्णन, ढोबळ लांबी, कुठं ठेवल्यात, कधीपासून, वारस कोण कोण, काकांकडचा तुकडा, सगळं एका कागदावर आणा. आधीच्या प्रमाणपत्राची आणि दाखल्याची झेरॉक्स जोडा. अर्ज मुख्य वन्यजीव रक्षकांच्या नावे, एक प्रत इथल्या उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात हाती द्या, एक स्पीड पोस्टानं बेंगळुरूला. भाषा कन्नड किंवा इंग्रजी ठेवा. मराठीत द्यायचा हट्ट एरवी मीही धरतो, या अर्जाला नको, दिवस कमी आहेत. पोच घेतल्यावर खिडकीतून हलायच्या आधी शिक्का आणि तारीख दोन्ही उमटलंय का ते बघा. नुसत्या सहीवर परत येऊ नका.